कॅथरीन बुडाली, हेलन जगली

‘ज्यूल ए जिम’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होतो. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं, आणि मध्ये एकाचा लॅपटॉप. एक जर्मन भाषक मित्र, एक फ्रेंच मित्र आणि दोघांनाही आवडणारी कॅथरीन. ती ज्यूलशी लग्न करते, मग जिमकडे ओढली जाते, मग पुन्हा ज्यूलकडे, आणि दोघांची मैत्री मात्र तुटत नाही. शेवटी ती जिमला शेजारी बसवून गाडी थेट नदीत घालते. सिनेमा संपल्यावर आमच्यातला एक म्हणाला, “बाईच वाईट होती रे.” मीही मान डोलावली.

त्या मान डोलावण्याची पुढे मला लाज वाटली. कारण कॅथरीन खरी होती, आणि ती बुडाली नव्हती.

फ्रान्स्वा त्रुफोचा हा सिनेमा जानेवारी १९६२मध्ये आला. आधार होता आंरी-पिएर रोशेच्या त्याच नावाच्या कादंबरीचा. ती १९५३ साली निघाली तेव्हा रोशेने सत्तरी ओलांडली होती आणि ही त्याची पहिलीच कादंबरी होती. दोन वर्षांनी पॅरिसमधल्या एका दुकानात जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती तेविशीतल्या त्रुफोच्या हाती लागली. सिनेमा बघायला रोशे उरला नाही. तो १९५९ साली गेला.

जिम म्हणजे स्वतः रोशे. ज्यूल म्हणजे बर्लिनचा ज्यू लेखक फ्रान्झ हेसेल. वॉल्टर बेन्यामिनच्या जोडीने प्रूस्तचं जर्मन भाषांतर करणारा तोच हा हेसेल. आणि कॅथरीन म्हणजे हेलन ग्रुंड. फ्रान्झ आणि हेलनचं लग्न १९१३ साली झालं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि दोन मित्रांचे देश समोरासमोर आले. आपली गोळी जिमला तर लागणार नाही ना, ही सिनेमातल्या ज्यूलची खंदकातली भीती. त्रुफो तिथे युद्धाची खरी जुनी चित्रफीत वापरतो.

युद्धानंतर, १९२० साली, रोशे म्युनिकजवळ हेसेल कुटुंबाकडे गेला आणि तो नि हेलन प्रेमात पडले. फ्रान्झला सगळं ठाऊक होतं. फ्रान्झ-हेलनचा घटस्फोट झाला, मग पुन्हा लग्नही झालं. रोशेबरोबरचं नातं १९३३मध्ये तुटलं. सिनेमात जवळपास याच काळात तिघं थिएटरात बसलेली असतात आणि पडद्यावर नाझी पुस्तकं जाळताना दिसतात. काही सेकंदांचंच दृश्य आहे ते. पहिल्यांदा पाहताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पण खऱ्या तिघांचा इतिहास इथून पुढे फार वेगळ्या वाटेने गेला.

ज्यू असूनही फ्रान्झ बर्लिन सोडत नव्हता. १९३८ साली त्याला तिथून फ्रान्सला घेऊन आली ती हेलन. पण १९४०मध्ये फ्रेंच सरकारने त्याला ‘शत्रूराष्ट्राचा नागरिक’ म्हणून ले मील इथल्या छावणीत डांबलं. ज्या देशातल्या मित्राला आपली गोळी लागेल म्हणून ज्यूल घाबरायचा, त्याच देशाच्या तुरुंगात खरा ज्यूल पोचला. सुटकेनंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९४१मध्ये, तो सानारी-स्यूर-मेर गावी वारला.

सिनेमात कॅथरीनला एक मुलगी आहे. खऱ्या हेलनला दोन मुलगे होते. धाकटा स्तेफान द गॉलच्या बाजूने लढला. १९४४मध्ये गेस्टापोने त्याला पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीत पाठवलं. मेलेल्या एका कैद्याचं नाव घेऊन तो फाशीतून वाचला. पुढे तो फ्रान्सचा राजनैतिक अधिकारी झाला आणि २०१०मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्याने अन्यायाविरुद्ध संतापायला सांगणारी एक छोटीशी पुस्तिका लिहिली. तिच्या लाखो प्रती खपल्या. पुढच्या वर्षी स्पेनमधले तरुण चौकाचौकांत उतरले, तेव्हा त्यांच्या आंदोलनाच्या नावाशी या पुस्तिकेचं नाव जोडलं गेलं.

आणि हेलन? ती फॅशनवर लिहायची, पुढे तिने ‘लोलिता’चं जर्मन भाषांतर केलं. पंचाहत्तरीत तिने स्वतःला पडद्यावर बुडताना पाहिलं आणि त्रुफोला पत्र लिहिलं. ती गेली १९८२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. तिची डायरी छापली गेली १९९१मध्ये. म्हणजे तिची बाजू लोकांपुढे आली ती सिनेमानंतर एकोणतीस वर्षांनी. तोवर जगाला माहीत होती ती रोशेने लिहिलेली आणि त्रुफोने रंगवलेली बाई.

सिनेमा मला आजही आवडतो. झान मोरो धावत सुटते तेव्हा मी अजूनही रिवाइंड करतो. पण रोशेने कादंबरीत आपल्या प्रेयसीला मारलं आणि आपल्यालाही तिच्याबरोबर मारून घेतलं, हे आता विसरता येत नाही. तसा शेवट केला की गोष्ट सुबक होते. कुणाला छावणीतून सोडवायचं नसतं, कुणाला परागंदा व्हायचं नसतं, मुलं वाढवायची नसतात. हेलनने यातलं बरंच काही केलं. म्हणून कुणी ‘बाईच वाईट होती’ म्हणालं, की मी आता विचारतो: गोष्ट कोण सांगतंय?