माळा व बांधकाम-परवानगी, रत्नागिरीतील

माळा म्हणजे जुन्या कोकणी घरातील तक्तपोशी व उतरते छप्पर यांमधील जागा. चिऱ्याच्या भिंती व लाकडी तुळया यांवर तोललेल्या माळ्यावर पावसाळ्याची बेगमी ठेवीत. रत्नागिरी नगरपालिका १८७६ मध्ये स्थापन झाली. घरमालक व सुतार यांच्यात ठरणारे फेरफार कालांतराने नगरपालिकेच्या परवानगीचा विषय बनले. त्यास १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाचा आधार आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार माळा ही कमाल १.५ मी. उंचीची, केवळ साठवणीची जागा होय. त्याच उंचीवर कौले बदलणे ही सामान्यतः दुरुस्ती ठरते. छप्पर उंचावून राहती खोली केल्यास मात्र मंजुरी आवश्यक असते. साठवणीसाठी घातलेल्या जुन्या तुळया माणसांचा नित्य वावर पेलतील काय, हा या नियमनामागील मूळ प्रश्न होय.