लोखंडी गज ते काचेचा तंतू

आमच्या काळेवाडीत मान वर केली की आभाळाआधी तारा दिसतात. विजेच्या, केबल टीव्हीच्या आणि हल्ली ‘फायबर’च्या. ही शेवटची नवी असली तरी तिच्यापुढचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा आहे. खांबावर टांगलेली तार तुटू नये, आणि टांगणारा संध्याकाळी धडधाकट घरी यावा.

हिंदुस्थानात हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरला. १८३९ साली त्याने कलकत्त्यात तारायंत्राचे प्रयोग केले. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही १८५१ ची लाईन टाकताना त्याने बारीक तार न वापरता लोखंडाचा जाड गजच वापरला. का? तर इथे माकडं लोंबकळणार, घारी-गिधाडं बसणार! पुढे १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरं तारेने जोडली गेली. स्वतःचा भार स्वतः पेलायचा तर धातू जाड हवा, हा तेव्हाचा हिशेब.

काचेच्या तंतूतून प्रकाशाने संदेश दूरवर नेता येईल हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं. (नोबेल मिळालं २००९ ला!) आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे, टेलिफोन एक्स्चेंजं जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ साली आपल्या पुण्यात सुरू झाली.

पण काच ताण सोसत नाही. मग ती खांबावर टांगायची कशी? उत्तर मिळालं ॲरामिड धाग्यात. बुलेटप्रूफ जाकिटातलं केव्हलार ते हेच, स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेलं. हे धागे सगळा ताण घेतात, काच आत निवांत राहते. केबलमध्ये धातू अजिबात नाही, म्हणून ती विजेच्या खांबांवरूनही नेता येते. हिलाच ‘एडीएसएस’ म्हणतात.

आता थोडं गणित, मास्तरकीची सवय! मीटरला १०० ग्रॅम वजनाची केबल ५० मीटर अंतरावरच्या दोन खांबांत बांधली, तर तिचं वजन अवघं ५ किलो. मध्ये अर्धा मीटर झोळ ठेवला तर ताण साधारण ६२ किलो. ‘नीट दिसावी’ म्हणून झोळ निम्मा केला, तर ताण दुप्पट, १२५ किलो! तो खांबालाही ओढतो. म्हणून आधी खांब तपासायचा, झोळ हिशेबाने ठेवायचा. केबल कप्पीवरूनच ओढायची, तीही अशी की वळणाची त्रिज्या जाडीच्या वीसपटीखाली जाऊ नये. १२ मिलिमीटरची केबल असेल तर २४ सेंटीमीटर.

खरी गफलत पुढेच होते. “यात करंट नसतो” हे वाक्य अर्धंच खरं आहे. केबलमध्ये नसतो, पण शेजारच्या तारेत ११,००० व्होल्ट असू शकतात. ओला दोर, धुळीने माखलेलं भिजलेलं आवरण यांतूनही वीज वाहू शकते. म्हणून वीज कंपनीची परवानगी, जवळची लाईन बंद असल्याची खात्री, पट्टा, हेल्मेट, आणि पावसात काम नाही. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

ओ'शॉनेसीला सर ही पदवी मिळाली, काओंना नोबेल. खांबावर चढणाऱ्याचं नाव मात्र तेव्हाही कुणी लिहिलं नाही, आजही लिहीत नाही. असो. आपल्या गल्लीत शिडी लागली की एवढं तरी विचारा, “बाळा, पट्टा बांधलास का? लाईन बंद आहे ना?”