एक शब्द, एक अर्थ : वणव्याच्या भाषेची गोष्ट



वणवा आपल्याला नवा नाही. होळीच्या सुमारास रात्री डोंगरावर लाल रेघ दिसली की कुणाला रचून ठेवलेल्या गवताची काळजी, कुणाला काजूच्या बागेची. आज मात्र मी सांगणार आहे ती वणव्यातल्या शब्दांची गोष्ट. ती घडली अमेरिकेत.

मॉन्टाना राज्यात मिसूरी नदीजवळ मॅन गल्च नावाची घळ आहे. ५ ऑगस्ट १९४९ला तिथं आग दिसली आणि विमानातून छत्री लावून १५ जवान उतरले. खाली जंगल खात्याचा एक रक्षक त्यांना येऊन मिळाला. रेडिओची छत्री उघडलीच नाही, रेडिओ फुटला. ही माणसं नदीकडे उतरत असताना आगीनं खालूनच घळ ओलांडली आणि त्यांची वाट अडवली. आता पळायचं तर वर, खड्या चढावर, कमरेएवढ्या वाळल्या गवतातून. आग माणसापेक्षा वेगानं चढते, हे डोंगरातल्या बाईला सांगायला नको.

त्यांचा मुकादम होता वॅग डॉज. तो थांबला, काडी ओढली आणि समोरचं गवत स्वतःच पेटवलं. ते जळून गेल्यावर तो त्या राखेत शिरला आणि बाकीच्यांना हाका मारू लागला. जळून गेलेल्या जागी आगीला खायला काही उरत नाही, एवढा साधा हिशोब. पण मागं आग, आणि मुकादम पुढं आणखी आग लावतोय! याला वेड लागलं असंच वाटलं, असं वाचलेल्यांपैकी एकानं पुढं सांगितलं. एकही जण आत आला नाही. तोंडावर ओला रुमाल धरून राखेत पालथा पडलेला डॉज वाचला, कडा गाठलेले दोघे वाचले. १३ जण गेले.

डॉज बरोबर होता, पण तो करत होता त्या गोष्टीला त्या जवानांकडे नावच नव्हतं. त्यांच्या शिक्षणात ती कधी आली नव्हती. गवताळ मैदानातल्या आदिवासींना ही युक्ती पूर्वीपासून ठाऊक होती, पण त्यांना विचारतो कोण? पुढं तिला ‘एस्केप फायर’, म्हणजे सुटकेची आग, हे नाव मिळालं आणि ती शिकवली जाऊ लागली. १९५७मध्ये जंगल खात्यानं आग विझवणाऱ्यांसाठी दहा नियम केले. त्यात एक असा की सूचना स्पष्ट द्या आणि ती समोरच्याला समजली याची खात्री करा.

तरीही १९७०मध्ये पुन्हा घोटाळा झालाच. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला १३ दिवसांत पाच लाख एकरांहून जास्त रान जळलं, सुमारे ७०० घरं-इमारती गेल्या, १६ माणसं मेली. मदतीला माणसं आणि गाड्या कमी नव्हत्या. पण प्रत्येक खात्याची बोली वेगळी, रेडिओवरचे आकड्यांचे संकेत वेगळे. ‘टँकर’ हा शब्दच घ्या. एकाला तो पाण्याची गाडी, दुसऱ्याला वरून पाणी टाकणारं विमान. (आपल्याला टँकर म्हटलं की हंड्यांची रांगच आठवते, ते वेगळं.) मागवलं एक आणि आलं दुसरं, तर तेवढ्या वेळात आग पुढची टेकडी गाठते.

मग सगळी खाती एकत्र बसली आणि एक पद्धत ठरली. टँकर म्हणजे विमानच. पाण्याच्या गाडीला ‘वॉटर टेंडर’ म्हणायचं. आकड्यांचे संकेत बंद, साधं बोलायचं. प्रत्येक माणसाला साहेब एकच, आणि एका साहेबाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, पाच असली तर उत्तम. मला यातलं शेवटचं फार पटतं. गावजेवणाचा स्वयंपाक काढलेल्या बाईला ते कुणी शिकवावं लागत नाही.

हीच पद्धत आपल्या देशाच्या सोयीनं बदलून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१०मध्ये आणली. तिला घटना प्रतिसाद प्रणाली म्हणतात. जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर. खाली प्रांत आणि तहसीलदार पथकांचे प्रमुख. पूर असो की वणवा, चौकट हीच.

आणखी एक शब्द सांगते. ‘वणवा आटोक्यात’ असं ऐकलं की आपण सुटकेचा श्वास टाकतो. या पद्धतीत आटोक्यात म्हणजे आगीभोवती सगळीकडून जाळरेषा पूर्ण झाली, एवढंच. आत खोडं धुमसत असतात, मुळांत निखारा असतो. ती रेषा आता टिकेल अशी खात्री झाली, तर त्याला वेगळा शब्द आहे. आणि ‘विझली’ हा त्याच्याही पुढचा. तो शब्द उच्चारण्याआधी तिथली माणसं कडेकडेनं चालत जातात, हातमोजा काढतात आणि कुठं ऊब लागते का ते राखेवर हात धरून पाहतात.