भरपगारी रजेचा हक्क आणि मुंबईचा बदली कामगार

भरपगारी वार्षिक रजेचा इतिहास आपल्याकडे बहुधा विश्रांतीच्या हक्काचा इतिहास म्हणून मांडला जातो, व त्याचा आरंभ नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून करण्याचा प्रघात आहे. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंडे यांनी भरविलेल्या सभांतून गिरणी कामगारांनी रविवारच्या सुट्टीची मागणी केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली. या घटनेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ही सुट्टी बिनपगारी होती. विश्रांती मिळाली, तिची किंमत मात्र कामगारानेच मोजली. वार्षिक रजेचे मूळ शोधावयाचे असेल तर रविवारापेक्षा गावाकडच्या वाटेकडेच पाहिले पाहिजे.

मुंबईच्या गिरण्यांतील मनुष्यबळ मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेले होते. शिमगा, गणपती, भातलावणी यांच्या ओढीने कामगार गावी जाई. त्याच्या जाण्याला रजा म्हणणे धाडसाचेच ठरेल. कित्येकदा त्याचे नाव पटावरून जाई व परतल्यावर तो नव्या माणसाप्रमाणे दरवाजाशी उभा राही. पुन्हा काम मिळविण्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. त्याच्या गैरहजेरीत साचा चालविणारा तो बदली कामगार.

१९३१ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने या प्रश्नाची दखल घेतली. कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडू नये, तो नियमित करावा; त्याला ठराविक मुदतीची रजा व परतल्यावर कामाची हमी मिळावी, आणि शक्य तेथे रजेच्या काळासाठी काही भत्ताही द्यावा, असे कमिशनचे मत होते. येथे हमी अगोदर आली आहे आणि पैसा मागाहून, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. नोकरी अखंड मानली गेल्याखेरीज रजेच्या पगाराचा प्रश्नच उद्भवत नाही.

पुढील टप्पे सुपरिचित आहेत. १९३६ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या ५२ क्रमांकाच्या कराराने वर्षभराच्या सलग नोकरीनंतर ६ दिवसांची सवेतन रजा हे किमान प्रमाण ठरविले. हिंदुस्थानात १९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील प्रौढांना १० व बालकामगारांना १४ दिवस मिळाले, आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हा हक्क अधिक व्यापक केला. या अधिनियमातील ८१ वे कलम सहसा कोणी उद्धृत करीत नाही. चार किंवा अधिक दिवसांची रजा मंजूर झालेल्या प्रौढ कामगाराला रजेचा पगार रजा सुरू होण्यापूर्वी द्यावा, असे ते सांगते. सणाला रिकाम्या हाताने घरी जाण्यातले दुःख ज्याला कळले असेल त्यालाच हे कलम सुचले असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खरी अडचण पात्रतेच्या अटीत होती. मूळ अधिनियमात बारा महिन्यांच्या सलग नोकरीची अट होती. १९५४ च्या दुरुस्तीने तिच्या जागी वर्षातून २४० दिवस कामाची अट आणली आणि दर २० दिवसांमागे १ दिवस रजा ठरविली. वरकरणी हा बदल बदली कामगाराच्या हिताचा होता, कारण आता सलगतेऐवजी भरलेले दिवस मोजले जाणार होते. परंतु किती दिवस भरावयाचे हे त्याच्या हाती कोठे होते? मुंबईत १९३५ पासून बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची भरती नियंत्रित करण्याची पद्धत होती. तथापि कार्ड मिळाल्याने रोजचे काम मिळेच असे नाही. समजा, एखाद्यास महिन्याकाठी १८ दिवस काम मिळाले, तर वर्षाचे २१६ दिवस होतात. २४० भरणाऱ्यास १२ दिवसांची रजा आणि २१६ भरणाऱ्यास शून्य! शिवाय कायम कामगार आपली हक्काची रजा घेई तेव्हा त्याच्या जागी बहुधा हाच मनुष्य उभा असे. एकाची भरपगारी रजा दुसऱ्याच्या बिनरजेच्या श्रमावर उभी होती. १९८२ च्या संपातील मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी का होती, हे यावरून समजते.

२०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत ही अट २४० वरून १८० दिवसांवर आणली आहे. या हिशेबाने वरील बदली कामगारास दहा-अकरा दिवसांची रजा मिळाली असती.