पेन्शनीचा पैसा

अंबरनाथलगतच्या पालेगावाच्या परिसरात राहणाऱ्यास आयुधनिर्माणीचा कारखाना परका नाही. २०२१ साली तो सरकारी कंपनीकडे गेला. पण त्यापूर्वी तेथे लागलेल्या कामगारांत म्हातारपणाच्या दोन जाती पडल्या आहेत. १ जानेवारी २००४ पूर्वी जो सेवेत आला, त्याला अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन ठरलेले. त्यानंतर आलेल्याच्या वेतनातून शेकडा दहा कापून ते सरकारी भरीसह गुंतविले जाऊ लागले आणि पुढचे सारे बाजारभावावर सोपविले गेले. यंत्र एक, पाळी एक, हिशेब मात्र दोन!

मराठी माणसाच्या स्मरणातील सर्वांत मोठी पेन्शन राज्य गमावल्याची होती. १८१८ साली शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावाला मालकमने सालिना आठ लक्ष रुपये कबूल केले. १८५१ साली तो ब्रह्मावर्तास वारला, तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबाने तो तनखा पुढे चालविण्याची मागणी केली; कंपनी सरकारने ती फेटाळली. देणाऱ्याची मर्जी हीच देण्याची मुदत ठरली. १८७१ च्या पेन्शन कायद्यानेही हीच वृत्ती कायम ठेवली. अशा देण्याविषयीचा दावा जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्यावाचून दिवाणी न्यायालयास ऐकता येईना.

पण हा पैसा भरतो कोण? गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना गोऱ्या अधिकाऱ्यांच्या महागड्या कारभारावर टीका केली. त्यांची पेन्शने हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात व विलायतेत खर्च होत. १९०२ च्या अंदाजपत्रकावर बोलताना गोखल्यांनी सरकारची शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नसून जादा कराची खूण आहे असे दाखविले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

स्वराज्यात पेन्शनर घरचाच झाला, तेव्हा हा प्रश्न काहीसा मागे पडला. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने नाकारा खटल्यात पेन्शन ही कृपा नसून हक्क आहे असा निर्वाळा दिला. तेथेही वाद तारखेचाच होता. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना सुधारलेल्या सूत्रातून वगळले होते.

हक्क सिद्ध झाला, परंतु त्यासाठी वेगळी गंगाजळी कोणी साठविली नव्हती. ज्या वर्षीची पेन्शन, त्याच वर्षीच्या करातून ती भागवायची! आयुर्मान वाढले, वेतने वाढली, तसतसे हे ओझे वाढत गेले. केंद्रामागोमाग महाराष्ट्रानेही १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या सेवकांची जुनी पेन्शन बंद केली. करदात्याचा भार हलका करण्याचा हेतू होता. तो म्हाताऱ्या नोकराच्या खांद्यावर सरकला, हे मार्च २०२३ च्या संपाने सरकारच्या ध्यानी आणून दिले. १४ मार्चला सुरू झालेला तो संप सात दिवस चालला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने मधला मार्ग काढला. पंचवीस वर्षे सेवा केलेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे मिळावे. नोकराने शेकडा दहा भरावे, सरकारने साडेअठरा, आणि त्यांतील साडेआठ सामायिक निधीत जावे. २००४ च्या आरंभी लागलेल्या कामगाराची पंचवीस वर्षे २०२९ साली भरतात. तोवर निधी पुरेसा साठला नाही, तर उरलेली रक्कम त्या वर्षीच्या करदात्याकडूनच यावयाची आहे.