लॅम्बटनची साखळी

परवा घरी शेल्फसाठी स्टीलच्या पट्टीने माप घेताना अचानक विल्यम लॅम्बटन आठवला. १८०२ च्या ऐन उन्हाळ्यात या गड्याने मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा मोजली, तीही १०० फुटी पोलादी साखळीने!

आता गणित बघा. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की साखळी साधारण साडेतीन मिलिमीटर लांबते, म्हणजे रेषा तेवढी आखूड मोजली जाते. अख्ख्या रेषेवर चूक जवळजवळ १.४ मीटर! आणि पुढचे सगळे त्रिकोण, पर्यायाने भारताचा नकाशा, याच रेषेवर उभे. म्हणून साहेबाने साखळीशेजारी थर्मामीटर ठेवले आणि तापमानाचा हिशोब मापात धरला.

आम्ही मात्र टेस्टिंगमध्ये म्हणतो, 'एवढं चालतंय रे!'