वार्धक्यातील स्मृतिभ्रंश : मुंबईची उपनगरे

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) : मेंदूच्या विकारामुळे स्मरण, भाषा, दिशांचे भान, हिशेब, निर्णय या क्षमता पूर्वीच्या मानाने घटून रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर न करता येण्याची अवस्था. तिचे सर्वांत मोठे कारण असलेल्या रोगाचे पहिले वर्णन आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये केले. या व्याख्येत विसरण्यापेक्षा व्यवहार अडण्याला अधिक महत्त्व आहे. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे वयाबरोबर येते. पण तीस वर्षे ज्या घाटकोपर स्थानकावर उतरलो, तिथून घर कोणत्या बाजूला हे न उमजणे हा वयाचा परिणाम नव्हे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘वयोमान आहे’ हा शेरा यांनी हा भेद पुसून टाकला आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात.

मुंबईत चाळिशीवरील २४,४८८ जणांच्या पाहणीत ६५ वर्षांवरील २.४४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आढळला होता; ते निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठीवरील प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे काढले. शहरांत ते ५.३ टक्के होते, तर स्त्रियांत ९ आणि पुरुषांत ५.८ टक्के. यावरून रोग तिपटीने वाढला असे म्हणता येत नाही, कारण वयोमर्यादा व चाचण्या वेगळ्या आहेत. मात्र ‘व्यवहार अडतात का’ या प्रश्नाचे उत्तर घरच्यांकडून मिळते, आणि उपनगरी घरात ते सहज फसवे ठरते. बँकेचे काम मुलगा करतो, गोळ्या सून काढून देते, स्वयंपाकाला बाई येते. त्यामुळे आजोबांचे काय अडते हे कुणाला दिसतच नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथे इमारत पुनर्विकासाला जाते आणि कुटुंब भाड्याच्या घरात राहायला जाते, तेव्हा न्हाणीघराची दिशा, गॅसची शेगडी, लिफ्टचे मजले सगळेच नवे असते. ‘घर बदलल्यावर बिघडलं’ असे मग सांगितले जाते. स्थलांतराचा ताण खरा असतो. पण सवयीने झाकलेली उणीव बहुधा तेव्हा उघडी पडलेली असते. कागदावरील चाचणीही पुरेशी नाही. १९७५ पासून वापरात असलेल्या ‘मिनी मेंटल’ चाचणीत शिक्षणाचा वाटा मोठा असल्याने कमी शिकलेली निरोगी आजी नापास होऊ शकते आणि आजारी निवृत्त शिक्षक उत्तीर्ण. म्हणून तुलना त्या माणसाच्याच पाच वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करावी लागते.

‘रोग बरा होत नाही, मग निदान कशाला?’ हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण विसरण्यामागे दरवेळी अल्झायमरच असतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, डोक्याला मार लागून साचलेले रक्त यांवर उपचार आहेत. वार्धक्यातील नैराश्यही विसराळूपणाचे रूप घेते. असा रुग्ण बहुधा स्वतःच ‘मला काही आठवत नाही’ म्हणून खंतावतो, तर स्मृतिभ्रंश झालेला अनेकदा तक्रारच नाकारतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस बरळू लागला, तर ती भ्रमावस्था असू शकते. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम उतरणे, नवे औषध अशी तिची कारणे असतात, आणि तिथे वाट पाहणे जिवावर बेतते. प्रतिबंधालाही वाव आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने टाळता येण्याजोगे चौदा धोके मोजले आणि जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडला. बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा त्यांत आहेत. श्रवणयंत्र ही त्यामुळे चैनीची वस्तू उरत नाही.

‘आपल्याकडे कुटुंब सांभाळते’ हा दुसरा आक्षेप. कुटुंब सांभाळते हे खरे; पण दोन खोल्यांच्या घरात ‘कुटुंब’ म्हणजे बहुधा एकच स्त्री असते, आणि आजाराला नाव नसेल तर रुग्णाचा संशय, रात्रीची येरझार, तेच तेच प्रश्न हे सारे तिला हट्टीपणा वाटतात. उशीर कायद्यातही नडतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनःस्थिती बिघडली की मुखत्यारी संपते. मग पुनर्विकासाच्या करारावर सही कुणी करायची, ठेव कुणी मोडायची, यासाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागू शकते. लवकर निदान झाले, तर हे निर्णय रुग्ण स्वतः, पूर्ण भानावर असताना घेऊ शकतो. माझ्या मते निदानाचे सर्वांत भक्कम समर्थन हेच आहे. महापालिकेच्या विलेपार्ले येथील कूपर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ या विनामूल्य दूरध्वनी सेवा आहेत. डॉक्टरांकडे जाताना काय विसरतात याच्या यादीपेक्षा काय करणे सुटले याची यादी न्यावी.